डाव्या बुटाचा राजपुत्र

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या एका टाउनहाउसात शैलेंद्र खरवंडीकर आणि राजपुत्र अल्ब्रेख्त लुडोल्फ असे दोघे राहत होते. त्यांपैकी राजपुत्राला जाऊन साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली होती, पण त्या घरात जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक त्याच्याशीच व्हायचं.

शैलेंद्रचं वय छप्पन्न. मूळचा नगरचा, नंतर पुण्याचा आणि गेली बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या डेटाबेसचा. डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाचं नशीब मोठं चमत्कारिक असतं. काम बिघडलं तर पंधरा जण एकदम फोन करतात. काम चोख असेल तर तो जिवंत आहे हेही कुणाला आठवत नाही. शैलेंद्रचं काम फार चोख होतं.

घरात तीन बेडरूम होत्या आणि अडीच बाथरूम. त्यातलं ते अर्धं बाथरूमसुद्धा त्याला पुरून उरलं असतं. डिशवॉशर भरायला नऊ दिवस लागायचे. सोमवारी लावलेली मुगाची खिचडी गुरुवारपर्यंत साथ द्यायची, आणि गुरुवारी ती संपली की कुणी गावाला गेल्यासारखं त्याला वाटायचं. जमीन झाडायला एक गोल रोबो होता. त्याचं नाव त्यानं अल्ब्रेख्त ठेवलं होतं, कारण तोही मोठ्या आवेशानं मोहिमेवर निघायचा, सोफ्याखाली अडकायचा आणि तिथून मदतीसाठी ओरडत बसायचा.

बायको होती. विनीता. ती पार पश्चिम किनाऱ्यावर, सनीव्हेलला असायची, चिपच्या कंपनीत. आठ वर्षांपूर्वी ती दोन वर्षांसाठी गेली होती. त्यांचं भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. इथे मिटवण्यासारखं काहीच नव्हतं. मधे फक्त अख्खा अमेरिका देश आणि तीन तासांचा फरक होता. आधी मुलीची, केयाची, शाळा संपू दे म्हणून शैलेंद्र थांबला. मग घराचं छप्पर बदलून होऊ दे म्हणून थांबला. मग राजपुत्राचे कागद संपू देत म्हणून थांबला. केया आता तिसऱ्याच गावी, अर्विंगला नोकरी करत होती. ती दर रविवारी दोघांना वेगवेगळे फोन करायची आणि दोघांना एकमेकांची खुशाली सांगायची.

विनीताला टाइप करायचा कंटाळा. ऑफिसला ड्राइव्ह करता करता ती व्हॉइस मेसेज पाठवायची, चार-चार, सहा-सहा मिनिटांचे. शैलेंद्र ते ‘निवांत ऐकू’ म्हणून ठेवून द्यायचा. निवांतपणा त्याच्याकडे पोत्यानं पडला होता, पण तो राजपुत्रासाठी राखीव होता. वर तो उत्तर मात्र ताबडतोब द्यायचा: ‘ओके. बोलू.’

तर आता हा राजपुत्र कोण, ते सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी कंपनीनं शैलेंद्रला तीन महिने जर्मनीला पाठवलं होतं. पुण्यात असताना त्यानं हौसेनं तीन वर्षं जर्मन शिकून ठेवलं होतं. ते वाया गेलं नाही याचा आनंद कंपनीला झाला, त्याला नाही. रविवारी तिथे दुकानं बंद, पाऊस चालू. हायडेनवाल्ड नावाच्या त्या गावात उघडं होतं ते एकच ठिकाण, गावाचं संग्रहालय. तिथे एका काचेच्या पेटीत गुडघ्यापर्यंतचा एक बूट ठेवला होता. डावा. खाली पाटी होती: राजपुत्र अल्ब्रेख्त लुडोल्फ यांचा बूट, सन १६२६. उजवा सापडला नाही.

शैलेंद्र त्या पाटीपुढे वीस मिनिटं उभा होता. उजव्याचं काय झालं असेल, हा प्रश्न त्याला तेव्हा जो चिकटला तो सुटलाच नाही.

सतराव्या शतकात जर्मनांनी धर्मावरून आपापसांत तीस वर्षं लढाई केली. प्रोटेस्टंट एका बाजूला, कॅथलिक दुसऱ्या बाजूला. शेवटी कोण कुठल्या बाजूला आहे हे ज्याचं त्यालाही विचारावं लागत असे. हायडेनवाल्डचं संस्थान इतकं लहान की घोडा उधळला तर तो परराष्ट्रात जायचा. तिथल्या धाकट्या राजपुत्राला करायला दुसरं काही नसल्यामुळे तो एकोणिसाव्या वर्षी युद्धावर गेला. प्रागजवळच्या टेकडीवर प्रोटेस्टंटांची मोठी लढाई झाली. ती दोन तासांत आटोपली. राजपुत्र दुसऱ्या दिवशी पोचला.

पुढची अठ्ठावीस वर्षं त्याचं हेच चाललं. तो बोहेमियासाठी लढला, डेन्मार्कच्या राजासाठी लढला, स्वीडनसाठी लढला आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध आयुष्य घालवलं त्या सम्राटाच्याच चाकरीत शिरला. स्वतःची पलटण उभी करायची, ती मोठ्या राजाला कंत्राटावर द्यायची, राजा हरला की दुसरा राजा शोधायचा. हे वाचून शैलेंद्रला हसू फुटलं होतं. व्हिसावर असताना त्यानं स्वतः हेच केलं होतं. दर दोन वर्षांनी नवा क्लायंट, नवा बिल्ला, नव्या कँटीनमधलं तेच सूप. मोठ्या लढाया राजपुत्राच्या वाट्याला सात आल्या. दोन ठिकाणी तो उशिरा पोचला, चार हरला, आणि जी एक जिंकली तिच्यात तो हगवणीनं तंबूत पडून होता.

अशा माणसावर कुणाचं प्रेम बसणार? शैलेंद्रचं बसलं. तिथल्या दप्तरखान्यानं राजपुत्राचे सगळे कागद स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले होते. गेली अकरा वर्षं दर शनिवारी तो त्या जुन्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या अक्षरातली एक-दोन पानं उकलायचा आणि मराठीत उतरवायचा. चारशे पानं झाली होती. ती आजवर कुणी वाचली नव्हती. केयाला त्यानं एकदा फोनवर अर्धा तास सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, सीरियसली? इतक्या प्रिन्सेसमधून तुम्हाला हाच लूझर मिळाला?”

आणि मग जानेवारीत शुभाचा फोन आला. शुभा मराठी मंडळाची सेक्रेटरी. चाळिशीच्या आतली, एका हातानं कार्यक्रम आणि दुसऱ्या हातानं दोन मुलं सांभाळणारी. काम असलं की ती त्याला ‘दादा’ म्हणायची, नसलं की ‘काका’.

“शैलेंद्रदादा, फेब्रुवारीचा स्लॉट रिकामा आहे. तुम्ही काहीतरी हिस्टरीवर रिसर्च करता ना? चाळीस मिनिटं बोलाल?”

अकरा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आवाज शक्य तितका साधा ठेवला आणि म्हणाला, “बघतो. जमवतो.” मग फोन ठेवून तो घरभर चालला, अगदी वापरात नसलेल्या बेडरूममध्येसुद्धा जाऊन आला.

विषय त्यानं त्याच संध्याकाळी पाठवला: ‘हायडेनवाल्डचा राजपुत्र अल्ब्रेख्त लुडोल्फ: सतराव्या शतकातल्या धर्मयुद्धांमधली एक लष्करी कारकीर्द’.

व्याख्यानाच्या आधीच्या रविवारी विनीताचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन.

“शैलेंद्र, मी कॉन्डो घेतेय. इथेच. आठ वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता पुरे.”

“बरं.”

“बरं काय? एक बेडरूमचा घेऊ की दोन? कागदावर एक नाव घालू की दोन? तू इकडे येणार आहेस की नाही, एवढंच सांग. काम तर घरूनच करतोस. तिथल्या टेबलावर काय आणि इथल्या टेबलावर काय!”

“शनिवारी व्याख्यान आहे गं माझं. तेवढं होऊ दे. रविवारी बोलू.”

“पुढचा रविवार म्हणजे शेवटची तारीख आहे हं. एजंटला सांगायचंय.”

“रविवारी नक्की.”

“राजपुत्रांची परवानगी घेऊन ठेव,” विनीता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ती चिडली नव्हती. चिडण्याचं खातं तिनं बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

उत्तर शैलेंद्रला माहीत नव्हतं असं नाही. त्याला जायचं होतं. पण ‘येतो’ म्हणायचं म्हणजे आठ वर्षं का आलो नाही, हेही सांगावं लागणार, आणि ते मात्र त्याला खरोखर माहीत नव्हतं. म्हणून आधी व्याख्यान.

बुधवारी व्हॉट्सॅपवर फ्लायर आला. शैलेंद्रनं तो उघडला आणि त्याचा चहा निवला. भगवा झेंडा, उधळलेला घोडा, घोड्यावर तलवार उपसलेला तेजस्वी योद्धा, मागे सह्याद्री. वर मोठ्या अक्षरांत: ‘सतराव्या शतकातील धर्मयुद्ध आणि आपला राजपुत्र! वक्ते: शैलेंद्र खरवंडीकर’.

त्यानं शुभाला फोन लावला. “शुभा, अल्ब्रेख्त कुठे गेला?”

“कोण?”

“राजपुत्राचं नाव.”

“अहो, ते खूप लांब होतं, डिझाइनमध्ये बसेना. आणि फेब्रुवारी आहे, सतरावं शतक आहे, राजपुत्र आहे. लोकांना काय, कळतंच! दादा, रिस्पॉन्स बघा ना. एकशे चाळीस आरएसव्हीपी झालेत. मुलं फेटे बांधून येणारेत. सुरुवातीला ढोल ठेवू ना?”

सांगायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण एकशे चाळीस हा आकडा त्याच्या कानात घंटेसारखा वाजत होता. त्याच्या पन्नाशीला अकरा माणसं आली होती, आणि त्यातला एक जण पत्ता चुकून आला होता.

“ठेव की,” शैलेंद्र म्हणाला.

गुरुवारी तो फोन सायलेंटवर टाकून आरशापुढे तालीम करत होता. विनीताचे दोन मिस्ड कॉल पडले होते आणि खाली एक व्हॉइस मेसेज. त्यानं टाइप केलं: ‘तयारीत आहे. रविवारी नक्की बोलू.’ आणि पुढे अंगठा. शुक्रवारी आणखी एक मेसेज आला. तोही त्यानं निवांत ऐकायला ठेवला.

शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात पाय ठेवायला जागा नव्हती. वीस पोरांनी ढोल बडवून खिडक्यांच्या काचा हलवल्या. छोट्या छोट्या फेट्यांचा एक मळाच फुलला होता. मंडळाचा एक जुना नियम होता: खाणं नेहमी शेवटी. वक्त्याची तेवढीच हमी. पण ढोल वाजवून पोरं भुकेनं कळवळली, तेव्हा शुभानं माइकवरून जाहीर केलं, “बटाटेवडे आत्ताच घेऊन टाका, मग आपले शैलेंद्रकाका बोलतील!”

काका झाल्याचं शैलेंद्रनं ऐकलं आणि तो समजायचं ते समजला.

त्यानं पहिली स्लाइड लावली. पडद्यावर एक बूट आला.

सभागृह शांत झालं. ती आदराची शांतता होती. लोकांना वाटलं, मोठी गोष्ट अशीच सुरू होत असेल. शैलेंद्र बोलू लागला. आवाज सुरुवातीला थरथरला, मग लागला. हायडेनवाल्ड, प्राग, दुसऱ्या दिवशी पोचणं. तिसऱ्या स्लाइडला, पुढे बसलेल्या सात वर्षांच्या वीरनं लाकडी तलवार वर करून विचारलं, “अंकल, बट व्हेन डू वुई विन?”

“त्याला अजून वेळ आहे,” शैलेंद्र म्हणाला. खरं म्हणजे अठ्ठावीस वर्षं वेळ होता, आणि तेव्हाही नाहीच.

मराठी माणूस सभेतून तोंडावर उठून जात नाही. ते सभ्यपणाला धरून नसतं. तो फोन कानाला लावतो. स्क्रीन बंद असते, पलीकडे कुणी नसतं, पण चेहऱ्यावर असा काही भाव असतो की पलीकडे राष्ट्राध्यक्षच आहेत. तसे पहिले सहा जण गेले. मग कुणाच्या बाळाला झोप आली. मग ज्यांना बाळ नव्हतं त्यांना पार्किंगची काळजी लागली. एक गृहस्थ तर वड्याची प्लेट घेऊन, तिखट लागल्याचा अभिनय करत, पाण्याच्या दिशेनं गेले ते पाण्यासकट नाहीसे झाले. राजपुत्र डेन्मार्कच्या चाकरीत शिरला तेव्हा सत्तर होते. स्वीडननं त्याला बोलावलं तेव्हा तीस. सम्राटाशी तह झाला तेव्हा सभागृहात रिकाम्या खुर्च्या, सांडलेली चटणी आणि तीन माणसं होती.

त्यांतले विक्रमकाका झोपले होते. दुसरी शुभा, शाळेची चावी तिलाच परत करायची होती. तिसऱ्या कांचनमावशी. मंडळाच्या नकुलच्या आई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नकुल बाहेर ढोल गाडीत भरत होता आणि मावशींची गाडी तीच होती.

शैलेंद्रनं लॅपटॉपवर हात ठेवला. “थांबू या का इथेच?”

“का हो?” मावशी म्हणाल्या. “लढाई संपली की. आता घरी जाईल ना तो?”

“गेला. सोळाशे एकोणपन्नासला.”

“मग सांगा की! माणूस एवढ्या वर्षांनी घरी चाललाय आणि तुम्ही दार लावून घेताय?”

शैलेंद्र पुन्हा उभा राहिला. सांगण्यासारखं फार नव्हतं. राजपुत्र घरी पोचला तो हिवाळ्यात. फाटकावरचा पहारेकरी त्याला ओळखेना.

“आणि बायको?”

“बायको... इसाबेला नाव होतं. ती दोन वर्षं आधीच वारली होती.” चारशे पानांत त्यानं हे एका ओळीत आटोपलं होतं.

“अगं बाई. आणि इतकी वर्षं ती काय करत होती?”

“राज्य तीच सांभाळत होती म्हणायचं. दुष्काळ, प्लेग, गळकं छप्पर. त्याला पत्रं लिहायची. हा उत्तर द्यायचा, या मोहिमेनंतर येतो. दर वेळी तेच वाक्य. या मोहिमेनंतर.”

“ती काय लिहायची?”

शैलेंद्र लॅपटॉपवरचे फोल्डर चाळू लागला. “तेवढं मी बघितलं नाही. ते घरगुती कागद आहेत. मी लष्करी कारकिर्दीवर... आणि शेवटच्या अकरा पत्रांची तर दप्तरखान्यानं फक्त बाहेरची बाजू स्कॅन केलीय. कंजूष लोक. हे बघा.”

त्यानं एक फोटो पडद्यावर मोठा केला. घडी घातलेला पिवळा कागद, वर नाव, मधोमध लाखेचा लाल गोळा.

कांचनमावशींनी चष्मा पुसला. उठल्या, हळूहळू पडद्याजवळ गेल्या आणि नाक लागेल इतक्या जवळून बघू लागल्या.

“मी एकतीस वर्षं कऱ्हाडच्या पोस्टात होते,” त्या म्हणाल्या. “रजिस्टर पार्सलवरची लाख शाबूत आहे का, हे बघणं माझं काम. लाख अशी अख्खी राहत नाही हो. घडी उघडायची तर ती मोडावीच लागते. दुसरं दाखवा.”

त्यानं दुसरं दाखवलं. तिसरं. अकराही. अकराही ठिकाणी तो लाल गोळा अख्खा होता, कडेचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

“तुमच्या त्या लोकांनी कंजुषी नाही केली,” मावशी म्हणाल्या. “त्यांनी आहे तसं ठेवलंय. ही पत्रं कुणी फोडलीच नाहीत.”

शैलेंद्रनं पहिलं पत्र पुन्हा पडद्यावर आणलं.

“पण ती त्याच्या पेटीत सापडली,” शैलेंद्र म्हणाला. “प्रत्येक मोहिमेला तो ती पेटी बरोबर न्यायचा. जपून.”

“जपून ठेवली असतील. वाचली नाहीत.” मावशींनी पदर सावरला. “असे लोक असतात. आमच्याकडे एक गृहस्थ यायचे, मुलाचं पत्र सही करून घ्यायचे आणि खिशात घालायचे. म्हटलं, उघडा की. तर म्हणाले, उघडलं की उत्तर द्यावं लागतं.”

दारातून नकुलची हाक आली, “आई, चल, गाडी डबल पार्क आहे!” मावशी निघाल्या. जाता जाता त्यांनी शैलेंद्रच्या दंडावर हात ठेवला. “चांगलं सांगितलंत हो. त्या बाईचं पण लिहा.”

शुभानं विक्रमकाकांना उठवलं. काकांनी डोळे उघडताच टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या त्या टाळ्या मोठ्या सभागृहात फार वेळ वाजत राहिल्या. मग शुभानं उरलेले वडे फॉइलमध्ये बांधून शैलेंद्रच्या हातात दिले. “सॉरी हां दादा,” ती म्हणाली. या वेळचं ‘दादा’ कामासाठी नव्हतं.

पार्किंग लॉट रिकामा झाला होता. फेब्रुवारीचं फिकट ऊन गाडीच्या काचेवर पडलं होतं. शैलेंद्र गाडीत बसला, पण किल्ली फिरवली नाही. त्यानं फोन काढला, विनीताचं नाव उघडलं आणि अंगठ्यानं वर वर सरकवत गेला. न ऐकलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एक छोटा गोल ठिपका होता. या आठवड्याचे दोन. त्याच्या वर मागच्या महिन्यातले चार. त्याच्या वर दिवाळी. ठिपके संपेनात. अकरा वर्षं तो दुसऱ्याच्या दप्तरातला शब्द न् शब्द उकलत बसला होता.

त्यानं गुरुवारचा लावला.

“शैलेंद्र, फोन उचल ना. ऐक, त्या दोन बेडरूमवर दुसरी ऑफर आलीय. एजंट म्हणतोय, उद्या दुपारपर्यंत सांगा, रविवारपर्यंत थांबता येणार नाही. मला तो आवडलाय रे. मागे एक खोली आहे, उत्तरेच्या खिडकीची. तुझी पुस्तकं आणि तुझे ते जर्मन लोक मावतील असं वाटलं. तू फक्त हो म्हण. हो नाहीतर नाही, काहीही म्हण. चल, सिग्नल सुटला.”

मग शुक्रवारचा. हा अगदी छोटा होता.

“तुझा अंगठा मिळाला. तो कशासाठी होता कळलं नाही. ते दोन बेडरूमचं गेलं. एक बेडरूमचं होतं, त्यावर सही केली. माझ्या एकटीच्या नावावर.” मधे इंडिकेटरची टिकटिक. “चाव्या मात्र दोन देतात म्हणे. चल.”

राजपुत्र प्रागला दुसऱ्या दिवशी पोचला होता. हाही दुसऱ्याच दिवशी. तासाभरापूर्वी याच वाक्यावर शैलेंद्रनं स्वतःशीच हसून घेतलं होतं.

त्यानं फोन लावला. सनीव्हेलला दुपारचे दोन वाजले असतील. चार रिंगनंतर विनीतानं उचलला. पाठीमागे दुकानासारखे आवाज येत होते.

“आज? रविवार उद्या आहे ना?”

“आत्ता ऐकले मेसेज.”

ती बाजूला सरकली असावी, मागचे आवाज कमी झाले. मग म्हणाली, “व्याख्यान झालं?”

“झालं.”

“किती होते?”

“एकशे चाळीस. शेवटी तीन. त्यातले एक झोपलेले.”

“म्हणजे जिंकलास की,” विनीता म्हणाली. “तुझ्या राजपुत्राच्या मानानं.”

तो हसला. तीही थोडी हसली असावी. आठ वर्षांची गप्प बसायची सवय, ती एका विनोदानं मोडत नाही.

“विनी, त्याच्या बायकोची अकरा पत्रं होती. त्यानं ती फोडलीच नाहीत. बरोबर घेऊन फिरला, पण फोडली नाहीत. मला आज कळलं.”

“मला केव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “बरं, मी फर्निचरच्या दुकानात आहे. लाइन मोठी आहे. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या घेतेय.”

“किती घेतेस?”

“तेच ठरवत होते.”

“दोन घे.” तो म्हणाला. “मी येतो, विनी. मी का नाही आलो ते मला सांगता येत नाही. पण येतो.”

मागे कुणीतरी गाडा ढकलत नेत होतं, त्याची चाकं बराच वेळ करकरत राहिली. विनीता विचार करत होती. एवढ्या लांबून, फोनमधूनही, तिचं विचार करणं त्याला ओळखू आलं. ते ओळखता येतं याचंच त्याला नवल वाटलं.

“आज एकच घेते,” ती शेवटी म्हणाली. “दुकान इथेच आहे. तू पोचलास की दुसरी आणू.”

फोन बंद झाला. शैलेंद्रनं फॉइल उघडून एक वडा खाल्ला. तो गार झाला होता, पण खिचडी नव्हती. मग त्यानं फोन गाडीच्या स्पीकरला जोडला, सगळ्यात जुना ठिपका शोधला आणि घराच्या दिशेनं गाडी काढली. पहिली दोन मिनिटं नुसता रहदारीचा आवाज होता. त्यानं तो पुढे ढकलला नाही.